कुत्रा कुंपणाच्या खालून जातो

कुंपण घालायचं ठरलं की चर्चा उंचीवरच अडकते. पाच फूट पुरेल की सहा, वर काटेरी तार ओढायची की नाही. ठाण्यातल्या येऊरचे पाडे असोत की शीळ-डायघरकडची आवारं, जिथे कुत्री आणि शेळ्या-कोंबड्या शेजारी शेजारी राहतात तिथे कुंपण फुटतं ते बहुधा जमिनीशी, नाहीतर फाटकाशी. गावठी कुत्र्याला पाच फूट चालतात, जर्मन शेफर्ड किंवा डॉबरमनला सहा लागतात. सरसकट सहा घ्या आणि तो विषय तिथेच संपवा. काटेरी तार मात्र नको. ती कुत्र्याला अडवत नाही, फक्त फाडते.

आधी एक ठरवा: कुत्र्याला आत ठेवायचंय की बाहेर? आपला कुत्रा आवारात राहावा म्हणून घातलेलं कुंपण वेगळं आणि भटकी कुत्री शेळ्यांपर्यंत पोचू नयेत म्हणून घातलेलं वेगळं. जाळी तीच, खांब तेच, पण कुत्र्याने बुडाशी उकरू नये म्हणून जमिनीवर आडवी पसरायची जाळीची पट्टी कुठल्या बाजूला घालायची हे यावरून ठरतं. पट्टी नेहमी उकरणाऱ्याच्या बाजूला हवी. कुत्रा जाळीला नाक लावून तिच्या बुडाशीच उकरतो. पायाखाली जाळी लागली तर दोन फूट मागे सरून तिथून उकरायला सुरुवात करावी, हे त्याला सहसा सुचत नाही. पट्टी चुकीच्या बाजूला गेली तर तो थेट मातीत शिरतो.

हिशोबासाठी ३२ फूट × २४ फुटांचं कुत्र्याचं आवार धरू. परिमिती ११२ फूट. दोन खांबांमध्ये आठ फुटांचा गाळा धरला तर १४ खांब बसतात आणि चार फुटी फाटकासाठी एक जादा, असे १५. खांब ४० × ४० × ५ मिलिमीटरच्या लोखंडी अँगलचे (काटकोनी पट्टीचे), आठ फूट लांब: दोन फूट खड्ड्यात, सहा वर. कळंबोलीच्या लोखंड बाजारात किंवा जवळच्या डेपोत हा अँगल वजनावर मिळतो. याचं वजन मीटरला ३ किलो, म्हणजे २० फुटी नग १८ किलोच्या आसपास भरायला हवा. काट्यावर १४-१५ भरला तर जाडी मारलेली आहे. एका नगातून दोन खांब निघून चार फूट उरतात. असे आठ नग घेतले की चार फुटांचे आठ तुकडे हाती राहतात, त्यांत फाटकाचे आडवे पट्टे निघतात. ते भंगारात देऊ नका.

खड्डा एक फूट लांब-रुंद आणि दोन फूट खोल. भाताच्या खाचराची जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून तिथे अर्धा फूट जास्त खणा आणि खांबही साडेआठ फुटी कापा. कातळ वर असेल तर पहार मोडत बसू नका. खांबाच्या बुडाला बेसप्लेट, म्हणजे सपाट लोखंडी पत्ती, वेल्ड करून कातळात बसवलेल्या अँकर बोल्टवर उभा करा. काँक्रीट १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी). चार कोपऱ्यांना दोन-दोन आणि फाटकाच्या दोन्ही खांबांना एक-एक, असे दहा तिरके टेके येतात. त्यांचे छोटे खड्डे आणि फाटकाचा उंबरठा धरून सिमेंटच्या आठ गोण्या, पाव ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट) वाळू आणि अर्धा ब्रास खडी पुरते. काँक्रीटचं डोकं जमिनीपेक्षा दोन इंच वर ठेवून चहूबाजूंनी उतरतं करा. खांब गंजतो तो नेमका काँक्रीट आणि हवेच्या सीमेवर, कारण तिथे पाणी साचून राहतं. रेडऑक्साइडचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या रंगाचा, एक जादा हात तिथेच द्या. टेके कुंपणाच्या रेषेतच असतात आणि चढणाऱ्या कुत्र्याला ती आयती शिडी होते, म्हणून टेक्याचं वरचं टोक साडेतीन-चार फुटांच्या वर नेऊ नका.

आता जाळी. चेनलिंक दोन इंची डोळ्याची, १० गेज, म्हणजे तार सव्वातीन मिलिमीटर. १२ गेजची तार त्याहून बारीक, ती स्वस्त पडते आणि शेळ्यांना चालते. जाळी चावत बसणाऱ्या कुत्र्यापुढे ती फार टिकत नाही. तीन इंची डोळा घेतलात तर लहान पिल्लू आरामात पार होतं. रोल घेताना कडा बघा. काही रोलच्या कडेला तारेची टोकं पीळ देऊन उभी सोडलेली असतात, काहींची दुमडलेली. दुमडलेलीच घ्या, नाहीतर पंजे फाटतात. दोन रोल जोडताना वर बाइंडिंग वायर गुंडाळू नका. विणीतली एक तार फिरवत बाहेर काढायची आणि दोन्ही कडांतून पुन्हा फिरवत घालायची, म्हणजे जोड दिसतसुद्धा नाही.

जाळी ओढायची ती काँक्रीटला सात दिवस पाणी मारून झाल्यावर. कामगार दुसऱ्याच दिवशी ताण द्यायला निघतात आणि कोपऱ्याचे खांब आत झुकतात. ते नंतर सरळ होत नाहीत. वर, मध्ये आणि खाली अशा १० गेजच्या तीन ताणतारा घाला. तिन्ही मिळून साधारण १०० मीटर, म्हणजे साडेसहा किलो तार लागते. टोकाला टर्नबकल (तार ताणायचा आट्यांचा स्क्रू) लावा, कारण पहिल्या पावसाळ्यानंतर ताण पुन्हा द्यावाच लागतो. मधल्या तारेऐवजी आडवा पाइप लावायचा सल्ला खूप जण देतात. तो कुत्र्याला पायरी करून देण्यासारखा आहे.

जाळी खांबाच्या आतल्या अंगाला, कुत्र्याच्या बाजूने लावा. तो अंगाने रेटतो तेव्हा जाळी खांबावर दाबली जाते. बाहेरून लावली तर सगळा रेटा बांधलेल्या तारेवर येतो. ही बांधणी फूट-फूट अंतरावर, गॅल्वनाइज्ड तारेने. काळी बाइंडिंग वायर एका पावसाळ्यात कुजते, आणि खाडीच्या वाऱ्यात त्याहून लवकर. शेळ्यांच्या आवारातही जाळी आतूनच. भटका कुत्रा कधीतरी रेटतो, शेळ्या रोज अंग घासतात आणि पुढचे पाय टेकून उभ्या राहतात.

जमिनीवरच्या पट्टीसाठी दोन फूट रुंद जाळी घ्या, इथे फाटकाचे चार फूट सोडून १०८ फूट. उभ्या जाळीच्या बुडाला ती सहा-सहा इंचांवर बांधायची, आडवी पसरून दोन-तीन इंच माती ओढायची आणि मोकळ्या कडेवर दगड रचायचे. सहा फुटी जाळीऐवजी आठ फुटी घेऊन तीच खाली वळवावी असं वाटतं खरं, पण मातीतली जाळी सगळ्यांत आधी गंजते आणि मग पूर्ण कुंपण उसवावं लागतं. पट्टी वेगळी असली की तेवढीच बदलता येते. उतारावर मुरूम वाहून जातो आणि बुडाशी फट पडते. तिथे पट्टीवर माती न ओढता दगडांचाच थर द्या. कुंपणाखालून पाण्याची वाट जात असेल तर ती बुजवू नका, पाणी कुंपणच घेऊन जाईल. दोन इंच अंतराच्या सळ्यांची झडप वरून बिजागरीवर टांगा. प्रवाहाने ती बाहेर उचलली जाते आणि पाणी ओसरलं की खाली येते. आतल्या बाजूला खालच्या कडेशी एक अडणी हवी, म्हणजे ती आत उघडत नाही.

फाटक आत उघडणारं हवं. कुत्रा आतून ढकलतो तेव्हा ते चौकटीवर अजून घट्ट बसतं. खाली काँक्रीटचा उंबरठा, आणि उंबरठा व फाटक यांच्यातली फट जास्तीत जास्त दोन इंच. एका बिजागरीचा खिळा वर आणि दुसरीचा खाली तोंड करून बसवा, म्हणजे फाटक उचलून निघत नाही. जागा असेल तर आत चार फुटांवर दुसरं फाटक घाला. निसटण्याचे बहुतेक प्रकार माणूस हातात भांडं घेऊन आत जाताना होतात.

शेळ्या आणि कुत्र्यामध्ये एकच जाळी असेल तर ती कितीही मजबूत असली तरी पुरत नाही. कुत्रा दिवसभर जाळीकाठाने धावतो, करडं बिथरतात आणि जाळीला टेकलेला कान किंवा पाय दातात सापडतो. दोन कुंपणांमध्ये चार फुटांची वाट सोडा, त्यात माणूस विळा घेऊन गवत कापू शकला पाहिजे. कुत्र्याच्या बाजूला खालचे चार फूट पत्रा लावून नजर तोडली तर धावणं बरंच कमी होतं. हिरवी शेडनेट त्याहून स्वस्त, पण पावसाळी वाऱ्यात तिचं शीड होतं आणि ती खांब वाकवते. मे अखेर काढून ठेवा. शेळ्यांच्या बाजूला चार-सहा इंची चौकोनाची जाळी नको, शिंगं आत जातात आणि बाहेर येत नाहीत. कोंबड्यांची षटकोनी जाळी तर कुत्र्यापुढे कागदच. खुराड्याला खालचे दोन फूट अर्धा इंची वेल्डमेश (तारा वेल्ड केलेली चौकोनी जाळी) लावा, मुंगूसही अडतं.

घरची वीज तारेत सोडणं हा विचारसुद्धा नको. माणूस मरतो आणि गुन्हा दाखल होतो. सौर झटका मशीन वेगळं असतं, ते क्षणभराचा ठोका सोडतं. लावायचंच असेल तर एक तार जमिनीपासून सहा-आठ इंचांवर आणि दुसरी पंधरा इंचांवर, म्हणजे कुत्र्याच्या नाकाशी. जुलैत गवत तारेला टेकलं की ठोका गवतातूनच जमिनीत जातो, म्हणून तारेखालची पट्टी दर आठवड्याला साफ हवी.

येऊर आणि घोडबंदर रोडच्या डोंगराकडच्या बाजूला हे सगळं करूनही रात्रीचा प्रश्न उरतो, कारण बिबट्याला सहा फूट म्हणजे काहीच नाही. तिथे शेळ्या आणि कुत्रा दोघांनाही अंधार पडायच्या आत छप्पर असलेल्या, चारी बाजूंनी बंद खोलीत घ्यावं लागतं.

काम एप्रिलमध्ये काढा. जून लागायच्या आत जाळीवर महिनाभर तरी कुत्र्याची परीक्षा होऊन जाते आणि तो कुठे उकरतो ते मातीवर स्पष्ट दिसतं. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बुडाशी चालत जाऊन पायाने दाबून बघा. जाळीवर चढलेले वेल तेव्हाच काढा, ते वाराही धरतात आणि भोकंही झाकतात. आणि पाण्याचा ड्रम, विटांचा ढीग किंवा कुत्र्याचं घर कुंपणापासून चार फुटांच्या आत राहिलंय का तेही बघा. तीन फुटी ड्रमवर उभ्या राहिलेल्या कुत्र्यासाठी कुंपण तीनच फुटांचं असतं.