ब्रॉफी वाचला म्हणून अँडी कळला

जून महिना आला की मला अँडी मिनार्स्की आठवतोच. कॅनडातल्या विनिपेगचा, पोलंडहून आलेल्या आईवडिलांचा मुलगा, वडील लवकर गेले म्हणून घराला हातभार लावायला चामड्याच्या कामाला लागलेला आणि पुढे युद्धात एअर फोर्समध्ये गेलेला. १९४४ मध्ये तो फक्त २७ वर्षांचा होता.

१२ जूनच्या रात्री त्यांचं लँकेस्टर बॉम्बर विमान इंग्लंडमधून निघालं, फ्रान्समधल्या कॅम्ब्रेचं रेल्वे यार्ड उडवायला. फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर दोस्तांचं सैन्य उतरून तेव्हा आठवडाही झाला नव्हता. मध्यरात्रीनंतर जर्मन फायटरने गाठलं, डावीकडची दोन्ही इंजिनं गेली, आग लागली आणि कॅप्टनने सगळ्यांना उड्या मारायला सांगितलं.

अँडी विमानाच्या वरच्या टरेटमधला, म्हणजे बंदुकीच्या फिरत्या केबिनमधला, गनर. तो खाली उतरून दारापाशी पोचला पण होता, नुसती उडी मारायची बाकी होती, आणि तेवढ्यात त्याला शेपटाकडच्या टरेटमध्ये अडकलेला मागचा गनर पॅट ब्रॉफी दिसला. हायड्रॉलिक बंद पडल्यामुळे टरेट फिरेना, हाताने फिरवायची सोय होती तीही तुटली. मग हा पठ्ठ्या दार सोडून उलटा आगीतून रांगत त्याच्याकडे गेला, कुऱ्हाडीने घाव घातले, नुसत्या हातांनी ओढून बघितलं, कमरेखालचे कपडे पेटलेत तरी थांबेना, आणि आतून ब्रॉफी हातानेच खुणा करतोय की जा बाबा, जा इथून. शेवटी काहीच होईना तेव्हा तो मागे सरकत, त्याच्याकडे तोंड करूनच परत दारापाशी गेला. उभा राहिला. पेटलेल्या कपड्यांत सॅल्यूट केला, काहीतरी बोलला, आणि उडी मारली. रोज रात्री म्हणायचा तसं ‘गुड नाइट, सर’ म्हणाला असावा असं ब्रॉफी सांगायचा. हे मी कितीही वेळा वाचलं तरी घशात आवंढा येतोच.

त्याचं पॅराशूटही पेटलं होतं. जमिनीवर पोचला तेव्हा जिवंत होता, पण भाजल्यामुळे गेला. आणि ब्रॉफी? विमान कोसळलं तेव्हा तो बाहेर फेकला गेला आणि वाचला! सात जणांच्या क्रूमधले सहा वाचले, गेला तो एकटा अँडी.

ब्रॉफीने नंतर हे सगळं सांगितलं म्हणून १९४६ मध्ये अँडीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. आज जगात उडू शकणारी दोनच लँकेस्टर उरलीत, त्यातलं कॅनडातलं त्याच्या नावाने उडतं.

पण मला सारखं वाटतं की ब्रॉफीही गेला असता तर? ब्रिटिश हवाई दलाच्या ज्या बॉम्बर कमांडखाली ही विमानं उडायची तिचे युद्धात ५५,५७३ जण गेले, बहुतेक विशीतले, कित्येक विमानांतलं तर कोणीच परत आलं नाही. इंग्लंडमधल्या रनिमीडच्या स्मारकावर कबरही न सापडलेल्या हवाई दलातल्या २० हजारांवर लोकांची नावं आहेत. त्यांच्यातही कोणी असाच दार सोडून मागे फिरला असेल, पण ते सांगायला मागे कोणी उरलंच नाही. म्हणून अँडीबद्दल कोणाला सांगताना मी ब्रॉफीचं नाव आवर्जून घेते.