साठ यार्डांचं मैदान: शिकागो ते पोर्ट्समथ

शिकागोच्या लूपमधून, म्हणजे शहराच्या मध्यभागातून, २० नंबरची बस मॅडिसन स्ट्रीटने सरळ पश्चिमेला जाते. युनायटेड सेंटरपाशी उतरायचं. ‘एल’ने, म्हणजे शहरी रेल्वेने, यायचं असेल तर ग्रीन लाइनचं डेमन स्टेशन आहे, तिथून दहा मिनिटं चाललं की झालं. उतरल्यावर युनायटेड सेंटरकडे पाठ करून रस्त्याच्या उत्तरेकडे बघा. हा पत्ता १८००, वेस्ट मॅडिसन. इथे शिकागो स्टेडियम होतं. १९२९ ला उघडलं, १९९५ ला पाडलं आणि जागा पार्किंगला गेली.

तिथे आम्ही पावलांनी साठ यार्ड मोजले. म्हणजे ५५ मीटर, साधारण ७३ पावलं. १८ डिसेंबर १९३२ च्या रात्री इथे अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगचा विजेता ठरवणारा सामना झाला, तेव्हा दोन गोलरेषांमध्ये एवढंच अंतर होतं. नेहमीचं अंतर शंभर यार्ड.

सामना खरं तर रिग्ली फील्ड या उघड्या मैदानावर व्हायचा होता. बर्फ आणि कडाक्याच्या थंडीमुळे तो छताखाली आणला. नुकतीच सर्कस होऊन गेली होती, त्यामुळे माती आणि झाडाच्या सालीचा चुरा पसरलेला तयारच होता. जनावरांचा वासही होता. सामना बघायला ११,१९८ लोक आले.

मुळात सामना का लागला? शिकागो बेअर्सचे ६ विजय, १ पराभव, ६ बरोबरी. ओहायोतल्या पोर्ट्समथ गावच्या स्पार्टन्स संघाचे ६, १, ४. तेव्हा बरोबरीचे सामने हिशेबात धरतच नसत, म्हणून विजयाच्या प्रमाणात दोघेही .८५७ वर, आणि विजेता ठरवायला हा जादा सामना. आजच्या पद्धतीने बरोबरीला अर्धा विजय धरला तर स्पार्टन्स .७२७, बेअर्स .६९२ आणि १० विजय, ३ पराभव, १ बरोबरीवाले ग्रीन बे पॅकर्स .७५०. म्हणजे हे दोघंही मागेच!

अडचण भिंतीची होती. बाजूच्या रेषेला लागूनच भिंत. जुन्या नियमाने चेंडू जिथे थांबेल तिथूनच पुढची चाल. कडेला अडकलात तर एक चाल नुसती मधे सरकण्यात जायची. भिंतीशेजारी अकरा माणसं मांडणार कुठे? म्हणून चेंडू आत आणून ठेवायचं ठरलं. १९३३ मध्ये लीगने हेच नियमात घेतलं: कडेपासून १० यार्ड आत खुणा. आज टीव्हीवर मैदानाच्या मधोमध दिसणाऱ्या तुटक रेघा त्याच खुणांच्या वारसदार, फक्त आणखी आत सरकलेल्या.

चौथ्या क्वार्टरपर्यंत ०-० होतं. मग बेअर्सच्या डिक नेस्बिटने स्पार्टन्सचा पास मधेच पकडून चेंडू गोलरेषेजवळ आणला. चौथ्या डाउनला, म्हणजे चौथ्या आणि शेवटच्या प्रयत्नाला, त्यांचाच ब्रॉन्को नागुर्स्की घुसायला निघाल्यासारखा पुढे आला, थबकला, मागे सरला आणि उडी मारून रेड ग्रेंजकडे पास फेकला. चेंडू गोलरेषेपार, म्हणजे टचडाउन: सहा गुण, आणि त्यानंतरच्या किकचा एक. स्पार्टन्सचे कोच पॉट्सी क्लार्क खवळले, कारण पास फेकणारा, चाल जिथून सुरू होते त्या रेषेच्या किमान ५ यार्ड मागे हवा, असा तेव्हा नियम होता. पंचांनी ऐकलं नाही. पुढे सेफ्टीचे, म्हणजे स्पार्टन्सचा चेंडू त्यांच्याच गोलरेषेमागे गेल्याचे, दोन गुण मिळून ९-०. स्पार्टन्सचा मोहरा डच क्लार्क मैदानात नव्हताच. तो कोलोरॅडोला बास्केटबॉल शिकवायच्या नोकरीवर गेला होता. पुढच्या वर्षी ५ यार्डांची अट गेली, लीगचे दोन विभाग झाले आणि दरवर्षीचा अंतिम सामना पक्का झाला. आमच्या मते नियम बदलायला त्या पासपेक्षा भिंतच जास्त उपयोगी पडली.

हरलेल्यांचं मैदान मात्र अजून उभं आहे. शिकागोहून ॲमट्रॅकची ‘कार्डिनल’ आठवड्यातून तीनच दिवस असते. ती पहाटे साउथ पोर्ट्समथला सोडते, पण हे स्टेशन नदीच्या अलीकडे, केंटकीत. तिथे कर्मचारी नसतात, टॅक्सी दारात मिळेल या भरवशावर राहू नका. आधी ठरवून ठेवा. ओहायो नदीवरचा पूल ओलांडला की पोर्ट्समथ. गाडी असेल तर कोलंबसहून यूएस २३ ने सरळ दक्षिणेला, साधारण १४५ किलोमीटर.

१९३० चं स्पार्टन म्युनिसिपल स्टेडियम नदीजवळच आहे. ४ डिसेंबर १९३२ ला स्पार्टन्सनी इथेच पॅकर्सना १९-० हरवलं आणि अख्खा सामना त्याच अकरा जणांनी खेळून काढला. दोनच आठवड्यांनी सर्कशीची माती. मंदीत एवढ्याशा गावाला संघ परवडेना. १९३४ मध्ये तो ७,९५२ डॉलर ८ सेंटना विकला गेला आणि डेट्रॉइट लायन्स झाला.

इथे शंभर यार्डांना आमची १२२ पावलं लागतात.