आईबाबांच्या बँडमधला दहा हजारचा आकडा आधी बदला

हल्ली सकाळी ठाण्यातल्या कचराळी तलावावर गेलं की कितीतरी आजी-आजोबांच्या मनगटावर फिटनेस बँड दिसतो, बहुतेक मुलांनी घेऊन दिलेला, आणि बघून खरंच बरं वाटतं. पण प्लीज, बँड हातात बांधायच्या आधी त्यातलं रोजच्या दहा हजार पावलांचं टार्गेट बदलून द्या.

दहा हजार पावलं हा आकडा डॉक्टरांनी काढलेला नाहीये. 1965 च्या सुमाराला जपानमधे एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र त्या नावाने बाजारात आणलं, तिथून तो पसरला. 2019 मधे हार्वर्डच्या आय-मिन ली यांच्या टीमचा अभ्यास आला, सरासरी 72 वय असलेल्या साडेसोळा हजारांवर बायकांचा, त्यात रोज 2,700 च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांमधे मृत्यूचं प्रमाण 41 टक्के कमी दिसलं आणि साधारण 7,500 च्या पुढे फारसा फरक पडत नव्हता. (धडधाकट माणूस मुळात जास्त चालतो हेही त्यात आलंच, तरी मला हा आकडा फार धीर देणारा वाटतो.)

आमच्या सासूबाईंना आधी काहीच टार्गेट दिलं नाही, नेहमी किती चालणं होतं ते बघितलं आणि मग त्यावर थोडी थोडी पावलं वाढवत नेली.

दुसरं म्हणजे बँड हाताच्या हालचालीवरून पावलं ओळखतो, त्यामुळे सावकाश चालणारे, काठी किंवा वॉकर घेणारे, जांभळी नाक्यावरून जड पिशवी घेऊन येणारे यांची पावलं कमीच मोजली जातात, आणि मग "एवढी चालले तरी दाखवतच नाही मेलं" म्हणून बँड कपाटात जातो. काठी उजव्या हातात असेल तर बँड डाव्या हातात घाला, वॉकर असेल तर कमरेला लावायचा पेडोमीटर बरा.

आणि पावलांच्या नादात तोल आणि ताकदीचे व्यायाम राहून जातात, बँड ते धड मोजतही नाही. डब्ल्यूएचओ 65 च्या पुढच्यांना आठवड्यातून किमान तीन दिवस ते करायला सांगते. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, ओटा धरून एका पायावर उभं राहणं, एवढं तरी घरात कोणीतरी शेजारी उभं राहून करून घ्या, पावसाळ्यात बाहेर शेवाळलेल्या फुटपाथवर पाठवण्यापेक्षा हे कधीही चांगलं. चालताना छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर मात्र बँड काय दाखवतोय ते बघत बसू नका, लगेच थांबा आणि डॉक्टरांना गाठा.