आमची वाटचाल : कूलर बंद झाला आणि पंप ऐकू आला

नागपूरच्या महाल भागातलं आमचं दुकान मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे मोटारीतली तार नव्याने गुंडाळायचं. उन्हाळ्यात कूलरचे पंप आणि पंखे, एरवी मिक्सर, पाण्याच्या मोटारी. 2020 चा उन्हाळा लॉकडाउनमध्ये गेला आणि कमाईचा हंगामच बुडाला.

घरी मुलीचा फिश टँक होता. मे महिन्यात नागपुरात कूलर दिवसरात्र चालतो, तेव्हा टँकच्या पाण्यात हवा सोडणाऱ्या पंपाकडे कोणाचं लक्ष जाणार? दिवाळीनंतर कूलर झाकून ठेवला आणि हॉलमध्ये झोपणारी आई म्हणाली, "अरे, हे रात्रभर काय घूं घूं करतं?" पंप बंद करावा, तर मासे वर येऊन तोंड उघडत.

मी पंप खोलला. आत एक कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, टोकाला लोहचुंबक असलेली पट्टी आणि रबराचा भाता. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर ती पट्टी सेकंदाला 50 वेळा इकडून तिकडे जाते आणि भाता दाबते. कॉइल म्हणजे आमचं रोजचं काम. स्टॅम्पिंगच्या, म्हणजे कॉइलच्या लोखंडी गाभ्याच्या, पत्र्या सैल होत्या, त्याच झणझणत होत्या. नवी कॉइल भरली, पत्र्या कसल्या, सगळं वार्निशमध्ये बुडवून भट्टीत वाळवलं. बराच आवाज तिथेच गेला.

उरलेल्यासाठी पंप स्पंज कोंबलेल्या लाकडी पेटीत बंद केला. ती चूक होती. दोन दिवसांत पंप हात लावू देईना इतका तापला. मग पेटी मोकळी ठेवून पंप सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांवर आत टांगला, कुठेही न टेकता. टेबलात उतरणारी थरथर बंद झाली. हवा ओढायच्या भोकातून फट-फट यायची, तिथे स्पंज भरलेली छोटी डबी बसवली, स्कूटरच्या सायलेन्सरसारखी. त्या रात्री आई सकाळपर्यंत झोपली.

असेच बनवलेले पहिले दहा पंप सीताबर्डीच्या एका दुकानदाराने ठेवून घेतले. पुढच्या मे महिन्यात चार परत आले. भात्याचं रबर उन्हाने कडक होऊन चिरलं होतं. एका गिऱ्हाइकाचे गोल्डफिश गेले. ते दुःख अजून मनात आहे, कारण आमचा पंप नेमका गरजेच्या वेळी थांबला. 20 अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशाला साडेसातच. आणि उन्हाळ्यात माशांना तो जास्त लागतो. चारही पंप बदलून दिले, पैसेही परत केले. तेव्हापासून भाता ईपीडीएम रबराचाच. उष्णता तो चांगली सोसतो.

दुसरा धडा लाइट गेल्यावर मिळाला. पंप टँकच्या खाली ठेवला होता. नळीतून पाणी उलटं येऊन पंपात शिरलं. आता प्रत्येक पंपासोबत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) देतोच, आणि पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा असं तोंडानेही सांगतो. पंप पुन्हा वाजायला लागला म्हणून कोणी आलं, तर आधी एअर स्टोन, म्हणजे नळीच्या टोकाचा बुडबुडे सोडणारा दगड, बघतो. बोअरच्या जड पाण्याने दगडाची छिद्रं बुजतात आणि पंपाला जोर लागतो. दगड बदलला की काम झालं, त्याचे पैसे घेत नाही.

आता दुकानात आम्ही तिघं आहोत. कूलरचं काम सुरूच आहे. पंप तयार झाला की रात्रभर आईच्या उशाशी चालतो. सकाळी ती काही बोलली नाही, तरच खोक्यात जातो.