नोबल जॉन्सन : वही दुसरी, पान पहिलं

पहिली वही भरली. दोनशे पानी वही आणि तिच्यात एकाच माणसाच्या नोंदी. चौदा महिन्यांत नोबल जॉन्सन या कृष्णवर्णीय अमेरिकी नटाचे ३१ चित्रपट पाहून झाले. ठरवले होते त्याच्या निम्मेही नाहीत. हा माणूस साधारण १९१५ पासून १९५० पर्यंत पडद्यावर होता आणि कितीतरी वेळा श्रेयनामावलीत त्याचं नावच नसतं. त्यामुळे चित्रपट अक्षरशः चाळणीने चाळावा लागतो.

नव्याने या नादाला लागलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. जन्म १८ एप्रिल १८८१, मिझुरी राज्यातलं मार्शल गाव. लहानपण कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये गेलं. वडील घोडे तयार करायचे, पोरगाही त्याच कामात वाढला. शाळेत सोबतीला होता लॉन चेनी, तोच, पुढे मेकअपच्या पेटीतून नवनवे चेहरे काढणारा नट. ल्युबिन ही चित्रपट कंपनी कोलोरॅडोत चित्रीकरणाला आली असताना एक नट जखमी झाला आणि त्याच्या जागी हा सहा फूट दोन इंचांचा, घोड्यावर पक्की मांड असलेला गडी उभा राहिला. सुरुवात तिथून.

आता या महिन्याची मोठी नोंद. 'द मोस्ट डेंजरस गेम' (१९३२) आणि 'किंग काँग' (१९३३) एकाच रात्री, पाठोपाठ पाहिले. दोन्ही आरकेओ या हॉलिवूड कंपनीचे, जंगलाचे सेट तेच, नटी फे रे दोन्हींत, रॉबर्ट आर्मस्ट्राँग दोन्हींत आणि जॉन्सनही दोन्हींत. पहिल्यात तो इव्हान आहे, काउंट झारॉफचा कोसॅक नोकर. म्हणजे गोरा रशियन! जहाज फुटून किनाऱ्याला लागलेला नायक किल्ल्यात शिरतो, आणि दाढीवाला, धिप्पाड इव्हान समोर येऊन उभा राहतो. इथे मी चित्र थांबवलं आणि बराच वेळ नुसता पाहत बसलो. चेहऱ्यावर उजळ रंग चढवलेला, दाढी लावलेली, पण डोळ्यांच्या वरचं ते जड हाड आणि खांद्यांची रुंदी कुठे लपणार? कृष्णधवल फिल्मला कातडीचा रंग कळत नाही, कळते ती फक्त उजळ-गडद छटा. छटा बदलली की माणूस खंड ओलांडतो. जॉन्सनला हे पुरतं उमगलं होतं.

मग 'काँग'. तिथे तो बेटावरच्या टोळीचा नायक आहे. पिसांचा मुकुट घातलेला, चाललेला विधी हात उंचावून थांबवणारा. परक्यांच्या दिशेने तो पायऱ्या उतरून येतो, ते पाऊल मला आता पाठ झालंय. टाच आधी, घाई अजिबात नाही, मान ताठ. श्रेयनामावली नसली तरी मी त्याला ओळखतो ते बहुतेक वेळा या चालीवरून.

रात्री दोनच्या सुमाराला वहीत लिहिताना एक गोष्ट लक्षात आली. इव्हान मुका आहे. टोळीनायक मोठ्या, घुमणाऱ्या आवाजात बोलतो, पण चित्रपटासाठी रचलेल्या भाषेत. म्हणजे एकाच जंगलात उभ्या राहिलेल्या दोन चित्रपटांत या नटाच्या तोंडी प्रेक्षकाला समजेल असा एकही शब्द नाही. मला याचं फार वाईट वाटलं.

'द थीफ ऑफ बगदाद' (१९२४) मी तिसऱ्यांदा पाहिला. विकत घेतलेली प्रत सेकंदाला चोवीस फ्रेमच्या, म्हणजे बोलपटाच्या वेगाने चालत होती, माणसं तुरुतुरु पळत होती. वेग कमी करून पाहिल्यावर जॉन्सन त्याच्या खऱ्या डौलात दिसला. मूकपट पाहणाऱ्यांनी हे जरूर करा, नटाचं निम्मं काम वेगातच हरवतं. यात तो राजकन्येला मागणी घालायला आलेला हिंदुस्थानचा राजपुत्र आहे. मूर्तीच्या डोळ्यातला जादूचा स्फटिक मिळवतो तोच. आपल्याकडचा प्रेक्षक म्हणून मी फेट्याकडे आणि दागिन्यांकडे बारकाईने पाहिलं. सगळं कल्पनेतलं आहे, पण त्याचं उभं राहणं खरोखर राजाचं आहे. त्याच वर्षी बस्टर कीटनच्या 'द नॅव्हिगेटर'मध्ये तो नरभक्षकांचा म्होरक्या, आणि १९२१ च्या 'द फोर हॉर्समेन ऑफ द अपोकॅलिप्स'मध्ये चार घोडेस्वारांपैकी एक. बाकीच्या नोंदी जुन्या वहीत आहेत, इथे उतरवत नाही.

एक पान मात्र कोरंच राहिलंय आणि तेच मला सगळ्यात मोलाचं वाटतं. १९१६ साली जॉन्सनने काही सोबत्यांबरोबर लिंकन मोशन पिक्चर कंपनी काढली. कृष्णवर्णीयांनी, कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी. भाऊ जॉर्ज ओमाहात टपाल खात्यात नोकरीला होता, तो वितरणाची बाजू सांभाळायचा. पहिल्या चित्रपटात जॉन्सन नायक होता, टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेत शिकून तेलाच्या शोधात कॅलिफोर्नियाला निघालेला तरुण. पिसं नाहीत, फेटा नाही, खोटी दाढी नाही. पुढे युनिव्हर्सल स्टुडिओचं काम आणि स्वतःची कंपनी यांचा मेळ बसेना, १९१८ मध्ये तो बाहेर पडला. त्याचे ते चित्रपट आज उपलब्ध नाहीत. जॉर्जने जन्मभर जपलेली कात्रणं, पत्रं आणि जाहिराती तेवढी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात आहेत. कितीतरी वेगवेगळ्या देशांचा माणूस होऊ शकणारा नट स्वतःच्या रूपात कसा दिसायचा, कसा हसायचा, हे बघायला मी काय वाटेल ते देईन.

९ जानेवारी १९७८ ला, वयाच्या ९६ व्या वर्षी तो कॅलिफोर्नियात गेला.

पुढच्या आठवड्यात १९३० चा 'मोबी डिक'. जॉन बॅरिमोर आहे आणि जॉन्सन क्वीक्वेग या भालाईत खलाशाच्या भूमिकेत. बोलपट आहे, त्यामुळे कान देऊन ऐकणार. नव्या वहीची पानं काल रात्रीच आखली. वर्ष, भूमिका, मेकअप, पडद्यावरचे सेकंद, ओळख कशावरून पटली, हे रकाने पूर्वीचेच. शेवटी एक रकाना वाढवलाय : किती शब्द बोलला.