काळा कातळ आणि दगडफूल

कॅनडातल्या सडबरीत आले तेव्हा गावाबाहेरचे काळे खडक बघून मला बरंच वाटलं होतं. आमच्या राजापूरकडचा सडा, म्हणजे कातळाचं माळरान, पाऊस पडायच्या आधी असाच काळाभोर दिसतो. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलंसुद्धा, "बघ, कॅनडातही कातळ आहे!"

महिन्याभराने घरामागचा एक खडक टवका उडालेला दिसला. आत चक्क गुलाबी-करडा. काळा होता तो नुसता वरचा पापुद्रा.

हा रंग इथल्या निकेल-तांब्याच्या भट्ट्यांनी दिलेला. सुरुवातीला तर खनिज लाकडांच्या ढिगांवर रचून उघड्यावरच महिनोन् महिने भाजत. सल्फर डायऑक्साइडचा धूर जमिनीलगत पसरायचा. झाडं थोडी सरपणाला गेली, उरलेली धुराने मेली, आणि धरून ठेवायला मुळं नाहीत म्हटल्यावर माती वाहून गेली. १९७२ मध्ये ३८१ मीटर उंच धुराडं उभं राहिलं. गावातली हवा सुधारली, पण बराच धूर लांब जाऊन पडू लागला. आपलं अंगण झाडून केर शेजारी लोटायचा, त्यातलाच प्रकार.

१९७८ पासून माणसांनी या टेकड्यांवर हाताने चुनखडीची भुकटी पसरली, हेक्टरी साधारण १० टन. धुराने आंबट झालेली माती चुन्याने निवली की तांबं-निकेल मुळांना तेवढं बाधत नाही. मग गवत पेरलं, पाइन लावले. आज लांबून बघितलं तर जंगलच.

पण आत शिरून खाली वाकून बघा. माझ्या नेहमीच्या वाटेवरच्या पाइनखाली सुयांचा तपकिरी थर, एवढंच. हात घातला की खाली लगेच खडी लागते. तासभर दक्षिणेला गेलं की जुन्या जंगलात पाय घोट्यापर्यंत शेवाळात रुततो, नेचे असतात, बारीकसारीक फुलं असतात. ही खालची मंडळी आपणहून परत यायला फार वेळ लावतात. म्हणून आता चांगल्या जंगलातली जमीनच गादीसारखी कापून, मुळं-बिया-शेवाळासकट इथे आणून अंथरतात. गोधडीला ठिगळ लावावं तशी.

ब्लूबेरीचं मात्र उलट. तिला आंबट मातीच हवी, त्यामुळे उजाड टेकड्यांवर ती मजेत वाढली. जुलै-ऑगस्टमध्ये मी डबा घेऊन जाते, करवंदांना जावं तशी. चीक नाही, काटे नाहीत, त्यामुळे जरा चुकल्यासारखं वाटतं.

गेल्या रविवारी एका बर्चच्या खोडावर रुपयाएवढी करडी झालर दिसली. दगडफुलाच्या जातकुळीतलं काहीतरी. याला मुळं नसतात, जे काय घ्यायचं ते हवेतून आणि पावसातून. म्हणून धुराने आधी हेच मरतं. एकेकाळी भट्ट्यांच्या आसपास मैलोन् मैल ते औषधालाही नव्हतं.

आईला फोटो पाठवला. लगेच फोन.

"अगं, गोड्या मसाल्याला चालेल का?"

"नको गं आई. यात इथलं निकेल मुरलेलं असेल."

"मग मी पाठवते हो इथून," म्हणाली.