राणीचा खुबा आणि माशाच्या तेलाचा हिशोब

आमची राणी लॅब्राडोर आहे, सात वर्षांची. गेल्या पावसाळ्यापासून उठताना तिला मागचे पाय सावरायला वेळ लागू लागला. जिना चढताना दोन्ही मागचे पाय एकदम टाकायची, सशासारखे. आम्ही साताऱ्यात राहतो. इथल्या 'चार भिंती' टेकडीच्या चढाला कायम माझ्या पुढे धावणारी राणी पायथ्याशीच बसू लागली, तेव्हा तिला शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेऊन एक्स-रे काढला. हिप डिस्प्लेसिया निघाला. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत घट्ट बसत नाही, सैल सांधा वर्षानुवर्षं घासत राहतो आणि त्यातून संधिवात होतो. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींत हे आनुवंशिक असतं. सांधा पूर्ववत होणार नाही, पण दुखणं आटोक्यात ठेवता येईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

मग सुरू झाला गोळ्या-पावडरींचा शोध. दुकानात गेलं की सांध्यांसाठी म्हणून ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनची बाटली पुढे येते. किंमत ऐकून छातीत धस्स होतं, आणि हा खर्च एकदाचा नाही, कुत्र्याच्या जन्मभराचा. आमच्यासारख्या एका पगाराच्या घरात असा खर्च दर महिन्याला पेलायचा, तर पैसा नेमका कशावर लावायचा हे ठरवावंच लागतं.

डॉक्टरांनी आधी राणीला काट्यावर उभं केलं. ३६ किलो! तिच्या हाडापेराला २९ पुरे होते. बरगड्या हाताला लागत नव्हत्या, वरून पाहिलं तर कंबर दिसत नव्हती. ते म्हणाले, "ताई, सात किलोचं ओझं त्या खुब्यावरून उतरवा, तेच पहिलं औषध." लॅब्राडोरवर झालेला एक मोठा अभ्यासही त्यांनी सांगितला. ४८ कुत्र्यांना जन्मभर पाहिलं गेलं. त्यातल्या निम्म्यांना उरलेल्या निम्म्यांपेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं. कमी खाणाऱ्यांना खुब्याचा संधिवात उशिरा आणि कमी झाला आणि ती सरासरी पावणेदोन वर्षं जास्त जगली. २००२ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लठ्ठ कुत्र्याचं वजन सहा-सात टक्क्यांनी उतरलं तरी लंगडणं कमी होतं, हेही त्यांच्याकडूनच कळलं. राणीच्या हिशोबात ते जेमतेम सव्वादोन-अडीच किलो होतात. या औषधाला पैसे लागत नाहीत, उलट वाचतात.

पण घरात ते पटवणं सोपं नव्हतं. सासूबाई तिला रोज भाकरी-दूध घालायच्या, वर चहाबरोबर बिस्किटं. "अगं, मुकं जनावर आहे, पोटभर खाऊ दे की," हे त्यांचं म्हणणं मायेपोटीच होतं. मी त्यांना आकडा दाखवला. राणीला दिवसाला साडेआठशे-नऊशे कॅलरी पुरतात आणि चार ग्लुकोज बिस्किटांत जवळजवळ शंभर जातात. आता त्या स्वतः काकडीच्या फोडी करून ठेवतात. राणी त्या तेवढ्याच आनंदाने खाते.

खाण्यातही भुलवणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. "मोबिलिटी" असं लिहिलेल्या कोरड्या खाद्याची पिशवी साध्या पिशवीपेक्षा बरीच महाग असते. मी साधं पण पूर्ण पोषणाचं, मोठ्या कुत्र्यांचं बंद पिशवीतलं खाद्य घेते. पोत्यातून सुटं मिळतं ते घेत नाही, उघड्यावर त्यातली चरबी खवट होते. सकाळी ते ग्रॅमवर मोजून आणि संध्याकाळी त्याचाच थोडा भाग, बरोबर कातडी काढलेलं उकडलेलं चिकन, दुधी किंवा लाल भोपळा. मीठ, कांदा, लसूण काही नाही. नुसत्या चिकन-भातावर कुत्रं ठेवलं तर कॅल्शियमसारखी खनिजं कमी पडतात, म्हणून खाद्य पूर्ण बंद केलं नाही. वजन आठवड्याला एक-दोन टक्क्यांहून जास्त उतरवायचं नसतं. दवाखान्यात सारखं जाणं जमत नाही, म्हणून ओळखीच्या आडत दुकानातल्या काट्यावर तिला उभी करते.

पुरवण्यांपैकी मी एकच निवडली, माशाचं तेल. ग्लुकोसामाइनबद्दल डॉक्टरांना थेट विचारलं. कुत्र्यांवरच्या प्रयोगांचा २०२२ साली एकत्र आढावा घेतला गेला, त्यात माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ या चरबीचा दुखण्यावर उपयोग दिसला आणि ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनचा दिसला नाही. पैसे मोजकेच असतील तर माझ्या मते हा प्रश्न तिथेच सुटतो.

तेल घेताना बाटलीवरचा "१००० मिलिग्रॅम" हा मोठा आकडा सोडून द्या. मागच्या बाजूला ईपीए आणि डीएचए, म्हणजे माशाच्या तेलातले कामाचे ओमेगा-३, किती आहे ते बघा. साध्या कॅप्सूलमध्ये बहुधा १८० आणि १२०, म्हणजे ३०० मिलिग्रॅम असतं. जास्त तीव्रतेच्या कॅप्सूलमध्ये ५६० आणि ४००, म्हणजे ९६०. तीस किलोच्या आसपासच्या संधिवाताच्या कुत्र्याला दिवसाला ईपीए-डीएचए मिळून चार ग्रॅमपर्यंत मात्रा जाऊ शकते. साध्या कॅप्सूल तेरा लागतील, तीव्र चार. बाटली चारशेची असो की नऊशेची, किंमत भागिले आतला एकूण ईपीए-डीएचए, हाच खरा भाव. मला मिळालेल्या भावात महागडी दिसणारी बाटलीच स्वस्त पडली. शिवाय तेरा कॅप्सूल म्हणजे तेरा ग्रॅम तेल, शंभरावर कॅलरी. वजन उतरवायला बसलेल्या कुत्रीला त्या कशाला?

मात्रा डॉक्टरांनीच ठरवली. एका कॅप्सूलपासून हळूहळू वाढवत नेली, कारण एकदम दिलं तर पोट बिघडतं. शस्त्रक्रिया ठरली तर तेल घेत असल्याचं आधी सांगावं लागतं, रक्त गोठण्यावर परिणाम होऊ शकतो. फळांच्या स्वादाची कॅप्सूल मी घेत नाही, गोडीसाठी झायलिटॉल असेल तर ते कुत्र्याला विषारी. कॉड लिव्हर ऑइल वेगळं. त्यात अ आणि ड जीवनसत्त्व भरपूर असतं, मात्रा वाढवली तर अपाय होतो.

शेजारच्या काकूंनी जवस सुचवला होता. आपल्या घरात जवसाची चटणी रोजची, त्यामुळे मलाही तो मोह झाला. पण जवसातलं ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचं असतं, कुत्र्याच्या शरीरात त्याचं ईपीए-डीएचए फार थोडं होतं. कोकणातून बांगडे चांगले आले की मात्र बिनमिठाचा उकडून, काटे पूर्ण काढून तिला देते. त्या दिवशी चिकन कमी.

फरक दिसायला दोन महिने तरी लागतात. राणीचं वजन आता बत्तीसच्या खाली आलंय आणि सकाळी ती पहिल्या हाकेला उठते. गुळगुळीत फरशीवर रबरी पट्ट्या टाकल्यात, नखं वेळेवर कापतो, फिरणं सपाटीला, थोडं थोडं पण दिवसातून तीनदा. थंडीत पाय आखडले की डॉक्टरांनी लिहून दिलेली मेलॉक्सिकॅम ही वेदनाशामक गोळी तेवढ्यापुरती देतो, तीही यकृत-मूत्रपिंडाची रक्ततपासणी करून. घरातली आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल किंवा डायक्लोफेनॅक "अर्धी गोळी द्या" असं कुणी सांगितलं तरी देऊ नका. पोटात व्रण, मूत्रपिंड किंवा यकृत निकामी होणं, काहीही होऊ शकतं.

आमच्या गल्लीत नुकतंच लॅब्राडोरचं पिल्लू आलंय. हाडं मजबूत व्हावीत म्हणून त्याला कॅल्शियमचं सिरप चालू केलं होतं. मोठ्या जातीच्या पिलाला जास्तीचं कॅल्शियम शरीराबाहेर ठेवता येत नाही आणि त्याने हाडांची वाढच बिघडते. मी त्या दादांना राणीचा एक्स-रे दाखवला. सिरप बंद झालं आणि मोठ्या जातीच्या पिलांचं खाद्य मोजून सुरू झालं.